हेन्री फोर्ड : मागच्या ॲक्सलकडून

कॅडेट मित्रांनो, हेन्री फोर्ड हे नाव तुमच्यापैकी प्रत्येकाने सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले आहे. असेंब्ली लाइन, मॉडेल टी, पाच डॉलरचा रोज, एवढे लिहिले की गुण मिळतात. मी ई.एम.ई.मध्ये बावीस वर्षे गाड्यांच्या पोटाखाली काढली आणि आता शाळेच्या एम.टी. सेक्शनला आहे. मराठी पानासाठी एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहून द्या असे सांगण्यात आले, तेव्हा मला दुसरे कोणी सुचलेच नाही. पण फोर्ड यांचे चरित्र बहुतेक जण इंजिनाकडून सांगतात. मी ते मागच्या ॲक्सलकडून सांगणार आहे. गाडीचा स्वभाव तिथे कळतो, आणि या माणसाचा स्वभावही मला तिथेच कळला.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या एका शेतकरी घरात झाला. शेतीचे काम त्याला कधीच आवडले नाही. हातात आलेले घड्याळ उघडायचे, चाके मांडायची आणि पुन्हा जुळवायची हा त्याचा छंद. १८७६ साली त्याची आई वारली. त्याच वर्षी वडिलांबरोबर गाडीतून जाताना त्याने रस्त्यावर एक वाफेचे इंजिन पाहिले. अशी इंजिने तेव्हा घोडे ओढून शेतावर नेत आणि तिथे त्यांच्यावर मळणी वगैरे चाले. हे इंजिन मात्र स्वतःच्या बळावर चालत होते, कारण त्याची ओढ साखळीने मागच्या चाकांना दिली होती. त्या पोराने रस्त्यातच उतरून इंजिनवाल्याला भंडावून सोडले. म्हातारपणीही ते इंजिन त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मला यात एवढेच दिसते की पोराचे लक्ष बॉयलरपेक्षा साखळीकडे गेले. बळ कुठे तयार होते हे सगळेच पाहतात. ते चाकापर्यंत कसे पोचते हे पाहणारा विरळा.

सोळाव्या वर्षी तो घर सोडून डेट्रॉइटला गेला. दिवसा यंत्रशाळेत उमेदवारी आणि रात्री घड्याळांची दुरुस्ती. पुढे वेस्टिंगहाउसची वाफेची इंजिने शेतोशेती चालवून दाखवण्याचे काम केले. १८८८ साली क्लारा ब्रायंट यांच्याशी लग्न झाले, १८९१ मध्ये एडिसन यांच्या नावाच्या वीज कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली आणि १८९३ मध्ये एकुलता एक मुलगा एड्सेल जन्मला. या मुलाचे नाव लक्षात ठेवा.

४ जून १८९६ च्या पहाटे फोर्ड यांनी घरामागच्या शेडमध्ये बांधलेली पहिली गाडी बाहेर काढली. बाहेर काढताना कळले की गाडी दारापेक्षा रुंद आहे. मग कुऱ्हाड घेऊन विटांची भिंत फोडली. गाडीला सायकलसारखी चार चाके, पट्टा आणि साखळी, पुढे जायचे दोन वेग आणि मागे जायची सोय अजिबात नाही. रिव्हर्स नसलेली पहिली गाडी या माणसाने बनवावी हे मला फार सूचक वाटते. त्यानंतर एक कंपनी बुडाली, दुसरीतून ते स्वतः बाहेर पडले, मध्ये १९०१ मध्ये शर्यतीत त्या काळचे नामांकित अलेक्झांडर विंटन यांना हरवून नाव कमावले आणि १६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली.

आता मॉडेल टी. ही गाडी १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली. चार सिलिंडर, २० अश्वशक्ती, ८५० डॉलरच्या आसपास किंमत. व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद वापरल्यामुळे गाडी हलकी पण चिवट. अमेरिकेतले खेड्यांचे रस्ते म्हणजे तेव्हा चिखल आणि चाकोऱ्या, म्हणून गाडी जमिनीपासून उंच ठेवलेली. हे सगळे पुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसते ते असे : मागच्या ॲक्सलमध्ये क्राऊनला ४० दात आणि पिनियनला ११. चाळीसाला अकराने भागा, ३.६४ येतात. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा ३.६४ वेळा फिरला की चाक एकदा फिरते. गिअर फक्त दोन. खालच्या गिअरमध्ये आणखी २.७५ पट कपात, वरच्यात थेट.

ज्यांना एम.टी.चा तास नकोसा वाटतो त्यांनी हा एक परिच्छेद सहन करावा. ॲक्सलचा आकडा मोठा असला की ओढ जास्त आणि वेग कमी. आकडा लहान असला की वेग जास्त आणि ओढ कमी. चाकाचा व्यास वाढवला तर परिणाम आकडा लहान केल्यासारखाच होतो, कारण मोठे चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापते. मॉडेल टीचे मागचे टायर ३० इंच व्यासाचे. इंजिन १६०० फेऱ्यांवर असेल तर वरच्या गिअरमध्ये गाडी ताशी साधारण ३९ मैल धावते. तिथे कोणी ३३ इंची चाक बसवले तर कागदावर वेग ४३ मैल होतो. पण २० घोड्यांचे ते इंजिन चढावर रडते, कारण चाकाच्या कडेला मिळणारी ओढ अकरा टक्क्यांमधला एक हिस्सा गेल्यासारखी कमी झालेली असते. अकरा भागांतला एक भाग म्हणा, म्हणजे हिशेब चोख.

फोर्ड यांना हा हिशेब पक्का ठाऊक होता. एक आकडा त्यांनी असा निवडला की सपाट रस्ता, चिखल आणि बेताचा चढ सगळे निभावेल. मग तोच आकडा सगळ्यांना दिला. शेतकरी, डॉक्टर, पोस्टमन, डोंगरातला आणि मैदानातला, सगळ्यांना तोच. एकच गाडी, एकसारखे सुटे भाग, त्यामुळे किंमत खाली. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती जुळणी सुरू झाली आणि एका चासीला लागणारे साडेबारा तास काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आले. जानेवारी १९१४ मध्ये कामगारांना आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर जाहीर झाले, जवळजवळ दुप्पट. त्याबरोबर कंपनीची माणसे कामगाराच्या घरी जाऊन तो पितो का, बचत करतो का हेही पाहू लागली. ते पाच डॉलर असे अटींसकट होते.

डोंगरातल्या माणसाने काय केले? त्याने तीव्र चढावर गाडी उलटी फिरवली आणि रिव्हर्समध्ये चढवली. हा किस्सा हसण्यावारी सांगितला जातो, पण त्यामागे दोन शुद्ध कारणे आहेत. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही. तोंड वर करून चढताना पेट्रोल इंजिनापर्यंत उतरत नसे. दुसरे, रिव्हर्सची कपात चौपट होती, म्हणजे पुढच्या खालच्या गिअरपेक्षा ओढ जास्त. शेतकऱ्यांनी तर याहून कमाल केली. मागचे एक चाक जॅकवर उचलायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकूड कापायचे यंत्र चालवायचे. एक चाक जमिनीवर अडलेले असल्यामुळे डिफरन्शियल सगळे फेरे दुसऱ्याला देतो आणि उचललेले चाक दुप्पट वेगाने फिरते. तुम्हाला डिफरन्शियल कळत नसेल तर सेक्शनमध्ये या, जॅक लावून दाखवतो.

ज्यांना मालवाहतूक करायची होती त्यांनी मॉडेल टीची चासी लांबवून मागे दुसराच जाड ॲक्सल आणि साखळी बसवायला सुरुवात केली. असे तयार संच विकणाऱ्या कंपन्याच उभ्या राहिल्या. शेवटी १९१७ मध्ये फोर्ड यांनी स्वतःची एक टनी चासी काढली, मॉडेल टीटी. इंजिन तेच, गिअर तेच. बदलला तो मागचा ॲक्सल. त्यात वर्म बसवला आणि आकडा केला ७.२५. आता ७.२५ ला ३.६४ ने भागून पाहा, जवळजवळ दोन. त्याच २० घोड्यांकडून दुप्पट ओढ घेतली आणि वेग निम्म्यावर सोडून दिला. या ट्रकला ताशी १५ मैलांपेक्षा जोरात हाकू नये अशी शिफारस होती. ज्यांना घाई होती त्यांच्यासाठी ५.१७ चा वेगळा जोड मिळे, त्यावर मर्यादा २२ मैलांची. म्हणजे ॲक्सलचे दात बदलले की गाडीचे काम बदलते ही गोष्ट फोर्ड यांच्या स्वतःच्या कारखान्याने कबूल केली होती. फक्त ट्रकपुरती.

मोटारीसाठी मात्र लोकांना बाहेरची वाट धरावी लागली. रकस्टेल नावाचा दोन वेगांचा ॲक्सल निघाला. चालकाच्या बाजूला एक दांडी, ती ओढली की ॲक्सलमध्येच सुमारे दीडपट कपात वाढे. दोन गिअरच्या गाडीला चार गिअर मिळाले. हा जोड फोर्डच्या विक्रेत्यांकडेही मिळत असे. पण त्यात एक धोका होता आणि तो प्रत्येक ड्रायव्हरने समजून घ्यावा असा आहे. मॉडेल टीचा पायातला ब्रेक चाकावर नव्हता, गिअरबॉक्समध्ये होता. ब्रेकची ताकद ॲक्सलमधून चाकापर्यंत जाई. दांडी दोन वेगांच्या मध्ये अडकली की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटला, आणि त्याबरोबर पायातला ब्रेकही गेला. उतारावर भरलेली गाडी, पायाखाली पेडल आहे आणि काही होत नाही. मागे राहतो तो फक्त हातब्रेक. म्हणून जाणते लोक रकस्टेल बसवताना चाकांवर वेगळे ब्रेकही बसवून घेत. एक जोड बदलला की त्याच्यावर आणखी काय टेकलेले आहे ते आधी शोधायचे, ही सवय मला फौजेत उस्तादाने लावली.

याच ठिकाणी माझा एक अनुभव सांगतो, कारण हिशेब आपल्या गाडीवर केला की चांगला बसतो. निवृत्तीनंतर गावी असताना माझ्या चुलतभावाने त्याची जुनी जीप-पिकअप आणली. चारही चाकांना ओढ असलेली. एका टायरवाल्याने त्याला ६.००-१६ च्या जागी ७.५०-१६ टायर बसवून दिले होते. गाडी उंच झाली, दिसायला रुबाबदार, पण भाजीचे क्रेट भरून घाट चढताना तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा, दुसऱ्याऐवजी पहिला आणि क्लच जळका वास मारायला लागला. तो इंजिन उघडायला निघाला होता. मी आधी पाटी आणि खडू घेतला. टायरचा कागदावरचा व्यास : १६ आणि दोनदा ६, म्हणजे २८ इंच. नवीन : १६ आणि दोनदा साडेसात, म्हणजे ३१. वाढ जवळजवळ ११ टक्के. ॲक्सलमध्ये ३९ आणि ८ दात, म्हणजे ४.८८. मोठ्या टायरमुळे ती गाडी ४.४१ चा ॲक्सल असल्यासारखी वागत होती. पूर्वीची ओढ परत हवी तर ४.८८ गुणिले ३१ भागिले २८, म्हणजे ५.४० हवेत. बाजारात ४३ आणि ८ दातांचा जोड मिळतो, ५.३८. याहून नेमके मिळणे कठीण.

मग पुढचा आणि मागचा असे दोन्ही ॲक्सल उघडले. एकच बदलून चालत नाही. पुढची चाके एका हिशेबाने आणि मागची दुसऱ्या हिशेबाने फिरायला लागली की फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केस आणि दांडे एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटते. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच घ्यायचे. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. जुने बेअरिंगचे कॅप काढताना खुणा करायच्या, डावा उजवीकडे जाता कामा नये. पिनियन किती आत बसतो ते शिमने ठरवायचे, बेअरिंगवरचा दाब पाहायचा, मग डायल गेज लावून दातांमधली मोकळीक मोजायची. शेवटी दातांना रंग लावून हाताने फिरवायचे. खूण दाताच्या मधोमध उमटली पाहिजे. टोकाला उमटली तर पुन्हा सगळे काढा, शिम बदला, पुन्हा बसवा. मागच्या ॲक्सलला मला हे चार वेळा करावे लागले, आणि चुलतभाऊ तोवर तीन वेळा चहा घेऊन आला. पहिले काही शे किलोमीटर गाडी हलक्या भाराने चालवायला लावली आणि मग तेल बदलले. टायर मोठे झाल्यापासून त्याचा स्पीडोमीटर ४० दाखवायचा तेव्हा गाडी ४४ च्या वर असायची. तोही आपोआप ठिकाणावर आला, कारण तो प्रॉपेलर दांड्याचे फेरे मोजतो.

फोर्ड यांच्याकडे परत येतो. १५ एप्रिल १९२५ रोजी त्यांनी कारखान्यातूनच तयार पिकअप काढली : मॉडेल टी रनअबाउट, मागे पोलादी पेटी, किंमत २८१ डॉलर. कारखान्यातून तयार निघालेली फोर्डची ही पहिली पिकअप. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार खपल्या. त्याच सुमारास रुंद, कमी हवेचे बलून टायर आले. आधीचे टायर ३० बाय साडेतीन, म्हणजे आतली रिम २३ इंची. नवे ४.४० रुंद, पण रिम २१ ची. बेरीज करा : २१ आणि दोनदा ४.४, म्हणजे २९.८. टायर जाड झाला, बसणाऱ्याच्या पाठीला सुख मिळाले आणि बाहेरचा व्यास होता तिथेच राहिला. त्यामुळे ॲक्सलला हात लावायची गरज पडली नाही. ही युक्ती मला फार आवडते. बाहेरून बदल दिसतो आणि आतला आकडा जागचा हलत नाही.

पण इथेच त्यांचे वैगुण्यही आहे. आतला आकडा हलवायचाच नाही हा त्यांचा हट्ट झाला होता. १९१२ साली ते युरोपला गेले असताना त्यांच्या माणसांनी मॉडेल टीचा एक सुधारलेला नमुना बनवून ठेवला होता. परत आल्यावर त्यांनी तो नीट पाहिला आणि मग दारे, काच, टप हाताने ओरबाडून त्याची मोडतोड केली, अशी तिथल्या माणसाची आठवण आहे. पुढची पंधरा वर्षे कोणी दुसरा नमुना बनवायला धजले नाही. तोवर शेव्हरोले तीन गिअर देत होती आणि रस्ते सुधारत होते. १९०८ च्या चिखलासाठी काढलेला हिशेब १९२५ च्या रस्त्याला लागू नव्हता.

एड्सेल तेव्हा कंपनीचा अध्यक्ष होता, नावापुरता. त्याला हे दिसत होते. त्याचा मेहुणा अर्नेस्ट कान्झलर कंपनीत वरच्या हुद्द्यावर होता. जानेवारी १९२६ मध्ये त्याने हेन्री फोर्ड यांना सहा पानांचे टिपण लिहिले : खप घसरतो आहे, गाडी जुनी झाली, नवी काढली पाहिजे. भाषा अत्यंत आदराची होती. काही महिन्यांत कान्झलर कंपनीबाहेर होता. मी या टिपणाचा विचार पुष्कळदा करतो. फौजेत खालून वर खरी बातमी पाठवणारा जवान किती मोलाचा असतो हे ज्याने पाहिले आहे त्याला ही गोष्ट सुखाने वाचता येणार नाही. कान्झलरचा हिशेब बरोबर निघाला. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि गाडीच बंद झाली. नव्या गाडीचा आराखडा तयार नव्हता. कारखाने महिनोन्‌महिने थांबले, हजारो कामगार घरी बसले. डिसेंबर १९२७ मध्ये मॉडेल ए आली : ४० घोडे, तीन गिअर, चारही चाकांना ब्रेक, ॲक्सलचा आकडा ३.७८. उत्तम गाडी. तिचे देखणेपण बहुतांशी एड्सेलचे.

१९३२ चे व्ही-८ इंजिन हे फोर्ड यांचे शेवटचे मोठे यांत्रिक काम. एकाच ओतीव ठोकळ्यात आठ सिलिंडर, आणि तेही सामान्य माणसाच्या गाडीत. ओतकाम जमत नव्हते, ढिगाने ठोकळे वाया गेले, म्हातारा हटला नाही आणि शेवटी जमले. तोच हट्ट इथे उपयोगी पडला.

त्यांच्या चरित्रातला काळा भाग लपवून चालणार नाही. १९२० नंतर त्यांच्या मालकीच्या साप्ताहिकाने ज्यू लोकांविरुद्ध वर्षानुवर्षे विष पसरवले. १९३८ मध्ये पंचाहत्तराव्या वाढदिवशी त्यांनी हिटलरच्या जर्मनीचे मानपदक स्वीकारले. मार्च १९३२ मध्ये बेकार कामगारांचा मोर्चा त्यांच्या कारखान्यावर आला, तेव्हा गोळीबारात माणसे मेली. २६ मे १९३७ रोजी कामगार संघटनेची पत्रके वाटायला आलेल्या कार्यकर्त्यांना कंपनीच्या माणसांनी पुलावर बेदम मारले आणि त्याची छायाचित्रे देशभर छापून आली. १९४१ मध्ये संघटनेशी करार करावाच लागला. पाच डॉलर देणारा आणि पुलावर मारहाण करवणारा कारखाना एकच. मला याचा मेळ घालता आलेला नाही.

युद्धाबाबतही त्यांचे असेच दोन तोंडांचे होते. १९१५ मध्ये ते शांततेसाठी स्वतः जहाज भाड्याने घेऊन युरोपला गेले आणि सगळ्यांनी हसे केले. १९४० मध्ये ब्रिटनसाठी विमानाची मर्लिन इंजिने बनवायला त्यांनी नकार दिला. पण अमेरिका युद्धात उतरल्यावर विलो रन येथे त्यांच्या कंपनीने आठ हजारांहून अधिक बी-२४ बॉम्बर बांधले, आणि भरात असताना तासाला एक विमान बाहेर पडत होते. जीपही बनवली. जीपचा नमुना विलीस कंपनीचा होता, फोर्डने स्वतःचा वेगळा केला होता तो मागे पडला. सरकारने सांगितले की दोन्ही कारखान्यांच्या जीपचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत. फोर्डने सुमारे २ लाख ७७ हजार जीप बनवल्या, जी.पी.डब्ल्यू. नावाच्या. ॲक्सल ४.८८, टायर ६.००-१६, तंतोतंत विलीसप्रमाणे. ज्या माणसाने जन्मभर स्वतःचा आकडा जगाला दिला त्याच्या कारखान्याने दुसऱ्याचा आकडा निमूट घेतला. फक्त बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा एफ उठवायला ते विसरले नाहीत. जुन्या जीपवर काम करताना असा एफ दिसला की मी अजूनही बोट फिरवतो.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ पासून होती, मुंबईतही गाड्यांची जुळणी होत असे. कॅनडातल्या फोर्ड कारखान्याचे फौजी ट्रक दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणींनी वापरले. आणि १९४१ मध्ये फोर्ड यांनी गांधीजींना आदर व्यक्त करणारे पत्र पाठवले, ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला पोचले. उत्तरादाखल गांधीजींनी स्वाक्षरी केलेला एक चरखा अमेरिकेला धाडला. जगात सगळ्यांत मोठा कारखाना चालवणाऱ्या म्हाताऱ्याने तो जपून ठेवला. चरख्यातही मोठे चाक, बारीक चाती आणि मध्ये माळ असते, गुणोत्तराचाच खेळ. फोर्ड यांनी तो फिरवून पाहिला असेल असे मला उगीच वाटते.

एड्सेल २६ मे १९४३ रोजी पोटाच्या कर्करोगाने गेला, ४९ वर्षांचा. तारीख पाहा. दीड कोटीवी मॉडेल टी, पुलावरची मारहाण आणि मुलाचा मृत्यू, तिन्ही २६ मेचे. योगायोग आहे, त्याहून जास्त काही नाही. पण चरित्र वाचताना पान उलटायला हात जड होतो. चोवीस वर्षे अध्यक्षाच्या खुर्चीत बसूनही वडिलांनी ज्याचे निर्णय चारचौघांत मोडले, त्या मुलाची खुर्ची वडिलांनी ऐंशीव्या वर्षी पुन्हा स्वतः घेतली. शरीर थकले होते, स्मरण जात होते, कंपनीला तोटा होत होता. घरच्या बायकांनी, म्हणजे क्लारा आणि एड्सेलच्या पत्नीने, आग्रह धरला तेव्हा सप्टेंबर १९४५ मध्ये नातू दुसरा हेन्री याच्याकडे कारभार गेला.

एप्रिल १९४७ मध्ये रूज नदीला पूर आला. नदीकाठच्या त्यांच्या घराला नदीच्याच पाण्यावर चालणारे स्वतःचे वीजघर होते, ते पुरात बंद पडले. ७ एप्रिलला दिवसा ते पुराचे नुकसान पाहायला मोटारीतून फिरून आले. रात्री घरात दिवे नव्हते, टेलिफोन नव्हता. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, जसा १८६३ मध्ये त्यांच्या जन्माच्या वेळी शेतावरच्या घरात असेल तशाच उजेडात, वयाच्या ८३ व्या वर्षी ते वारले. दोन दिवसांनी लाखभर माणसे रांग लावून त्यांचे शेवटचे दर्शन घेऊन गेली.